विरजण घेऊन खंडव्याला

ये, अशी जवळ येऊन बस. लांब खुर्चीत बसून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी मला एक सांग, तुझ्या दारात ती गाडी झाकून ठेवलीय ती कुणासाठी गं? दर रविवारी तिचं कव्हर धुतेस, वाळवतेस, परत घालतेस. गाडी मात्र काढत नाहीस. विचारलं की म्हणतेस, "बघू, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी काय गुडघे नवे येणार आहेत? आणि दादा, तू हसू नकोस, तुझी बुलेट तर फक्त दसऱ्याला हार घालायला बाहेर येते.

बरं, रागवत नाही. चहा घे आणि ऐक. मी जाऊन आले ते सांगते.

मला ओळखत नसशील तर सांगते. मी मंदा. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत माझं पोळी-भाजी केंद्र होतं. शाळा अर्ध्यात सुटली, बाकीचं सगळं वाचून वाचून शिकले, आणि गाडी पडून पडून. डबे पोचवायला आधी सायकल होती, मग मोपेड, आणि मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची शंभर सीसीची मोटारसायकल माझ्याकडं आली. साडीवर नाही जमत, म्हणून पंजाबी ड्रेस शिवून घेतले. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, नंतर त्यांच्याच लेकींना क्लासला सोडायला मला हाका मारू लागल्या. संध्याकाळच्या गर्दीत द्वारकेच्या चौकातून भरलेले डबे न सांडता जिनं गाडी काढली, तिला पुढं कुठलाच घाट अवघड वाटत नाही.

केंद्र आता बंद केलंय. गाडी ठेवलीय.

तर माझी थोरली बहीण, लीलाअक्का, खंडव्याला असते. भाऊजी रेल्वेत गार्ड होते, तिकडंच घर बांधलं. भाऊजी गेले तरी ती तिथंच राहिली, मुलगा-सून आहेत. या हिवाळ्यात तिला टायफॉइड झाला. ताप गेला, पण जिभेवरची चव गेली ती आलीच नाही. सून बिचारी रोज नवं काहीतरी करायची आणि अक्का म्हणायची, "मातीच लागतेय." अंगानं पार काटकी झाली. एक दिवस फोनवर म्हणाली, "मंदे, आईचं दही असतं तर दोन घास गेले असते बघ."

आईचं दही म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, वडील पॉइंटमन. आई तिच्या लहानपणीचं सांगायची, गावात आमच्या लोकांना दूध-ताक द्यायचे तेही वरून, लांबून, हाताला हात लागू न देता. लग्न होऊन ती क्वार्टरमध्ये आली तेव्हा शेजारी एका फायरमनचं तेलुगू कुटुंब होतं. त्या बाईनं पहिल्याच आठवड्यात वाटीभर विरजण आणून आईच्या हातात दिलं. हातात, बरं का. वाटी धरलेला तिचा हात आणि आईचा हात एकमेकांना लागले. आईनं ते दही कधी संपू दिलं नाही. रोज लावायचं, रोज चमचाभर काढून ठेवायचं. बाळंतपणात, बदलीत, मयतीत, कधीच खंड नाही. आई गेल्यावर ते अक्काकडं गेलं आणि माझ्याकडं आलं. अक्काचं आजारपणात मेलं. हॉस्पिटलातून घरी आली तर भांड्यात हिरवी बुरशी. राहिलं माझं.

"अगं कुरिअर कर," मुलगा म्हणाला. केलं. पहिल्या खेपेला डबा फुटला, दुसऱ्या खेपेला त्यांनी घेतलाच नाही. "मग रेल्वेनं जा ना! मनमाडहून सरळ गाडी आहे. रेल्वेवाल्याची लेक तू."

आता खरं सांगू का? कारण दह्याचं होतं, पण मला मोटारसायकलनं जायचं होतं. आयुष्यभर डबा पोचवला तो पंचवटी ते सातपूर. एकदा तरी लांबचा डबा पोचवावा असं फार दिवस मनात होतं.

वणीचा रस्ता, आणि रवी

मार्च होता. घर बंद राहणार, म्हणून दही सगळंच्या सगळं घेतलं. शेजारी सगळे पिशवीच्या दह्याचे, त्यांच्याकडं काय ठेवायचं? कडीचा स्टीलचा डबा, त्यावर ओला पंचा, आणि मागच्या कॅरिअरवर रबरानं घट्ट. दोन ड्रेस, रेनकोट, पाना-पक्कड, एक जादा ट्यूब. निघाले.

हमरस्ता मुद्दाम सोडला. छोटी गाडी मोठ्या रस्त्यावर म्हणजे हत्तींच्या लग्नात शिरलेली शेळी. दिंडोरीकडून वर लागले. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, खुडणी चाललेली, बायका डोक्याला रुमाल बांधून मांडवाखाली वाकलेल्या. एका बागेशी थांबले तर पाणी मागायच्या आत एकीनं ओंजळभर मणी दिले. म्हणाली, "गळलेले हायेत मावशी, पण गोड लय. एक्स्पोर्टवाल्यांना गोडी कळत नाय, त्यांना साइज लागते." वणीच्या पुढं सप्तशृंगीचा डोंगर समोर उभा राहतो ना, तिथं मी गाडी बाजूला घेऊन नुसतीच बसले. बसमधून हा डोंगर कितीदा पाहिला, पण खिडकीएवढाच. मोटारसायकलवरून तो अख्खा दिसतो, आणि त्याचा वारा पण लागतो.

कळवण मागं टाकून सटाण्याला चहाला थांबले. डबा उघडून बघते तर काय! वर पिवळे गोळे तरंगताहेत, खाली पाणी.

चहावाला डोकावला. "मावशी, हे काय हे?"

"दही होतं रे बाबा."

"मंग आता लोणी झालं. मावशी, ही गाडी हे का रवी?" आणि सगळ्या टपरीला गोळा करून दाखवलं त्यानं. इतकी वर्षं सांबार सांडू दिलं नाही मी, आणि दह्याचं लोणी केलं! पण मेलं नव्हतं ते. ताकातसुद्धा विरजण जिवंत असतं. फक्त आज रात्री ताज्या दुधात पडायला हवं, नाहीतर उद्याच्या उन्हात गेलंच. लोणी टपरीवरच्या पावाला लावून सगळ्यांनी खाल्लं. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत त्यानं.

सटाण्याहून नामपूरला मुक्काम करायचा होता. वाटेत चेन उतरली. चढवली. परत उतरली. रस्त्याच्या कडेला बसून चेन ताणली, हात कोपरापर्यंत काळे. तेवढ्यात सूर्य टेकला. नामपूर अजून पुढं, अंधारात या रस्त्यावर ट्रॅक्टर बिनदिव्याचे. एका वस्तीवर दिवा दिसला, गोठ्यात गाई दिसल्या. म्हटलं, दूध तरी इथं मिळेल.

हिराबाईचा उंबरा

ओसरीवर एक बाई तुळशीपाशी दिवा लावत होती. माझ्याच वयाची, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. ही हिराबाई.

"कोन शे व?" तिनं विचारलं. तिकडं अहिराणी बोलतात, 'आहे'ला 'शे' म्हणतात, आणि तोंडात साखर असल्यासारखं वाटतं ऐकायला.

मी सगळं सांगितलं. नाशिक, खंडवा, अक्का, लोणी. "तांब्याभर दूध विकत द्या ताई. पुढं नामपूरला लॉजवर जाऊन लावते."

ती माझ्याकडं, गाडीकडं आणि माझ्या काळ्या हातांकडं बघत राहिली. मग मान हलवली. "आते नही. दिवा लागना का दूध दारबाहेर जात नही."

आठवलं तुला? आपल्याकडंही म्हणतातच की, दिवेलागणीनंतर दूध-दही-मीठ कुणाला देऊ नये, घरातली लक्ष्मी जाते. आमच्यात हे मानत नाहीत, पण गल्लीत मानणाऱ्या पुष्कळ. शहरात काय, कोपऱ्यावर दुकान असतं. इथं गाईंच्या दारात उभी राहून मला दूध मिळत नव्हतं. मी म्हटलं, "बरं," आणि गाडीकडं वळले.

"कोठे चालनी?" मागून आवाज आला. "दूध काही बाहेर येवाव नही. तूच घरमा ये."

म्हणजे कायदा मोडायचा नाही, पण माणूस परत पाठवायचं नाही! मी उंबऱ्याशी आले आणि थांबले. आईची वरून ओतलेल्या ताकाची गोष्ट आठवली म्हण, किंवा उगाच नंतर कुणाला वाईट वाटायला नको म्हणून म्हण, मी सरळ सांगितलं, "ताई, आम्ही बौद्ध आहोत. चालेल ना?"

हिराबाईच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, झालं. तर म्हणते, "मंग? तुमनं दही येगळं लागस का?"

आतून तिचे मालक, बापू, खोकत खोकत हसले. "अहो या आत. ती दह्याचं विचारतीय, तुम्ही जातीचं सांगताय."

हात धुवायला राख आणि लिंबाची फोड दिली तिनं, वंगण निघतं त्यानं. मग स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, तिच्या मातीच्या बोळक्यात मी माझं ताक घातलं आणि तिनं वरून कोमट दूध. दूध किती कोमट ते करंगळी बुडवून बघितलं, आधी तिनं, मग मी. दोघींचं एकमत झालं. जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारीत उडीद मिसळून दळतात ना, ती. चुलीवरची, फुगलेली, काठ खरपूस. त्यावर तेल आणि शेंगदाण्याचा ठेचा. मी तीस वर्षं पोळ्या विकल्या बाई, पण त्या भाकरीपुढं माझं केंद्र पाणी भरेल.

सकाळी दही असं लागलं होतं की बोळकं उपडं केलं तरी पडू नये. मी डब्यात काढायला लागले. हिराबाईनं माझा हात धरला. "समदं नेवानं नही. आमना घरमा लागेल दही, चमचाभर आठे ठेवनं पडस." आठे म्हणजे इथं.

खरं सांगते, माझा हात अडखळला. आईचं दही आम्ही कुणाला दिलं नव्हतं कधी. कुणी मागितलंही नव्हतं म्हण. पण तिच्याच घरात, तिच्याच दुधात लागलेलं. दिला एक चमचा. तोही भरगच्च नाही, सपाट. तिनं तो वाटीत घेतला आणि झाकून ठेवला.

पायाशी बांधलेला डबा

नामपूरच्या बाजारात सकाळी कांद्याचे ट्रॅक्टर लागले होते, रांग पार रस्त्यापर्यंत. लाल-गुलाबी ढीग, धूळ, आरडाओरडा. बापू त्यांच्या ट्रॅक्टरवर बसून हात हलवत होते. त्यांचा कांदा एका व्यापाऱ्याकडून इंदूरला जायचा होता. फोन नंबर त्यांनीच दिला. म्हणाले, "पोचल्यावर कळवा, नाहीतर हिरा मला झोपू देणार नाही."

आता माझं शहाणपण ऐक. काल डबा मागं होता म्हणून घुसळला. म्हटलं, आज पुढं बांधू, पायाशी, लेगगार्डला, इंजिनशेजारी. तिथं हादरे कमी. मी डबे कायम तिथंच बांधायचे, माझी जागाच ती. हात आपोआप गेले. छान आवळून बांधला आणि निघाले.

धुळ्यापासून हमरस्ता घ्यावाच लागला. ट्रक शेजारून गेला की गाडी अंगभर शहारते. पण एक सांगते, त्या ट्रकवाल्यांइतकं सांभाळून घेणारं माणूस नाही. मागून हलका हॉर्न देतात, हातानं 'जा जा' म्हणतात. कारवालेच चिकटतात. तापीच्या पुलावर थांबले. केवढं पात्र बाई! आपली गोदावरी लहानपणापासून पायऱ्यांशी बघितलेली, घरातल्या पोरीसारखी. तापी म्हणजे कुणाची तरी कर्ती थोरली सासू. शिरपूरच्या पुढं डोंगर लागतात, बिजासनीचा घाट येतो, आणि घाट चढला की मध्यप्रदेश. दुसऱ्या गियरवर, ट्रकांच्या मागून, माझी गाडी कुरकुरत चढली. वर पोचल्यावर मी तिच्या टाकीवर थोपटलं. कुणी बघत नव्हतं.

सेंधव्याला एका ढाब्यामागं खोल्या होत्या. ढाबा चालवणारी भाभी उंच, आवाजाची. मी डबा सोडला आणि हाताला चटका बसला.

तेव्हा लक्षात आलं. पायाशी डबा का बांधायचे मी? इंजिनच्या उबेनं भाजी गरम राहावी म्हणून! इतक्या वर्षांची सवय, गिऱ्हाइकाला गरम डबा मिळाला पाहिजे. आणि मी दही गरम ठेवलं होतं दिवसभर, मार्चच्या उन्हात. आत चोथा आणि पिवळं पाणी.

तरी भाभीकडून दूध घेतलं आणि लावलं. सकाळी झाकण काढलं. दूध. नुसतं दूध.

मी त्या बाजेवर बसले ती बसलेच. ते दही मेलं म्हणजे काय झालं, ते तुला आता ठाऊक आहे. घरी थेंब नव्हता. सत्तर वर्षं जे आईनं सांभाळलं ते मी दोन दिवसांत मोटारसायकलवर शिजवलं. आणि अक्का तिकडं वाट बघत होती. रोज फोनवर विचारायची, "कुठवर आलं?" मी नाही, दही.

भाभी चहा घेऊन आली. तिला सांगितलं तर तिला काय त्यात एवढं कळेना. "जामन ही तो है, दीदी. मेरा ले जाओ. हमारे यहाँ तो रात को ही माँगते हैं एक-दूसरे से, रात को ही तो जमाते हैं." जामन म्हणजे विरजण. बघ, कशी रीत बदलते! घाटाच्या खाली दिवा लागला की द्यायचं नाही, घाटाच्या वर दिवा लागला की मागायचं.

तिचं दही चांगलं होतं. घट्ट, गोडसर. आणि मनात आलं माझ्या, लपवत नाही. हेच न्यावं. अक्काच्या जिभेला तसंही कळत नाही, म्हणते सगळं मातीच. 'घे, आईचं' म्हणायचं आणि दोन घास भरवायचे. मी भाभीकडून डबा भरूनसुद्धा घेतला. झाकण लावता लावता चमचा दिसला आणि हिराबाईनं धरलेला माझा हात आठवला.

फोन लावला. रडत रडतच सांगितलं.

तिकडून हिराबाई ओरडली, फोन कानापासून लांब धरावा लागला. "रडू नको व! तुनं दही आठे शे. काल लावं, आज बी लागनं. चमचा तू कंजूसवानी दिधा, पन दही गुनी शे."

सपाट चमचा बघितला होता तिनं!

सेंधव्याचा मुक्काम

कांद्याचा ट्रक त्याच दिवशी भरून संध्याकाळी इंदूरला निघणार होता, आणि तो याच रस्त्यानं, याच ढाब्यावरून. बापूंनी ड्रायव्हरशी बोलणं केलं. मला फक्त थांबायचं होतं.

आणि थांबणं हेही प्रवासातलंच गं. दिवसभर त्या ढाब्यावर बसून मी काय काय बघितलं! सकाळी पोहे मागवले तर वर शेवेचा डोंगर आणि शेजारी जिलबी. म्हटलं, जिलबी मागवली नाही. भाभी म्हणाली, "तो पोहा किसके साथ खाओगी?" आपण पोह्यावर लिंबू पिळतो, खोबरं पेरतो, त्यांचा घास तिखट-गोड-कुरकुरीत. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं, तिसऱ्याला आणखी जिलबी मागून घेतली. दुपारी तिच्याबरोबर मेथी निवडली, तिला माझी पातळ पोळीची घडी दाखवली. तिनं मक्याचे पानिये करून घातले, खाकरीच्या, म्हणजे आपल्या पळसाच्या पानात थापून गोवऱ्यांवर भाजलेले. पानाची नक्षी त्याच्यावर उमटते. तिच्या दह्याचं काय केलं विचारशील तर, त्या पानियांबरोबर ते आम्ही दोघींनी संपवलं. चांगल्या वस्तूला खोटं नाव देण्यापेक्षा तिच्याच नावानं खावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याचा ट्रक वळून अंगणात उभा राहिला. ड्रायव्हर मालेगावचे रफीकभाई, पिकल्या दाढीचे. उतरताना दोन्ही हातांत पंच्यात बांधलेलं बोळकं, जसं काही बारशाचं बाळ.

"नाशिकवाली आपा कौन?" त्यांनी विचारलं. "ये लो अपनी अमानत. उस बाई ने कसम दी है, ब्रेक ज़ोर से नहीं मारना. रात भर गाडी ऐसी चलाई जैसे दुल्हन बैठी हो. पीछेवाले गालियाँ दे रहे थे."

"पण तुम्ही तर संध्याकाळी निघालात," मला एकदम आठवलं. "हिराबाई दिवा लागल्यावर दही बाहेर देत नाही."

ते हसायला लागले. "इसीलिए तो! दोपहर में ही ला के केबिन में रख दिया. मैंने बोला, बाई, शाम को दे देना, गर्मी है. बोली, शाम को नहीं चलता. ऊपर गीला कपड़ा, और हर घंटे उठ के पानी मारती थी. माल भरने तक बैठी थी ट्रक के पास."

म्हणजे ती बाई भर उन्हात दुपारभर बाजारात एका ट्रकशेजारी बसली होती, माझ्या दह्यावर पाणी मारत. नियम तिचा, आणि दहीही तिचंच झालं होतं तोवर.

मी अर्धं डब्यात घेतलं. रफीकभाईंना न्याहारीला वाटीभर दिलं, आणि भाभीला न मागता चमचा दिला. शिगेचा, शिगोशीग भरलेला.

मिरच्यांचा रस्ता

आता डबा कुठं बांधायचा? कुठंच नाही. ओल्या पंच्यात गुंडाळला, ओढणीची झोळी केली आणि छातीशी घेतला. खरगोनकडं जाताना एका नाक्यावर पोलिसानं थांबवलं. "अम्मा! बच्चा लेके मोटरसाइकिल?"

"बच्चा नहीं," मी म्हटलं, "सत्तर साल का है." झाकण उघडून दाखवलं. त्यानं सलामच ठोकला.

खरगोनच्या पुढचा रस्ता मात्र तू बघायलाच हवास. शेतंच्या शेतं लाल. मिरच्या वाळत घातलेल्या, जमिनीवर लाल जाजमं अंथरल्यासारख्या, क्षितिजापर्यंत. त्यात बायका रंगीत ओढण्यांत, खराट्यानं मिरच्या उलटवणाऱ्या. डोळ्यांना सुख, नाकाला शिक्षा. हेल्मेटमध्ये शिंकायचं म्हणजे काय, ते एकदा अनुभव. शिंकले की एका हातानं डबा धरायचा, एका हातानं हँडल. मी हसत होते, शिंकत होते, डोळ्यांतून पाणी, आणि शेतातल्या बाया मला हात करून आपसांत हसत होत्या.

अक्का

खंडव्याला पोचले तेव्हा अक्का फाटकाशी खुर्ची टाकून बसलेली. केवढीशी झाली होती! पण तोंड तेच.

"रेल्वेवाल्याची लेक," ती म्हणाली, "आणि लाल तोंडाच्या माकडासारखी फटफटीवर. बाबा असते तर रूळ सोडून तुला मारायला आले असते."

"बाबा असते तर मागं बसले असते."

दही त्या संध्याकाळी तिच्याच घरी, तिच्याच भांड्यात, तिच्या सुनेनं लावलं. सकाळी मी डब्यात उरलेलं दही वाटीत घेऊन तिच्यापुढं बसले. सून दाराशी, मुलगा कामावर जायचा थांबलेला. अक्कानं चमचा जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"हे आईचं नाही," ती म्हणाली.

मी वाटी परत घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली नाही.

"आईचं क्वार्टरच्या पावडरच्या दुधाचं असायचं. पाणचट. यात गाय आहे कुठली तरी. कुणाच्या घरचं दूध प्यायलंय हे?" आणि दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. मग म्हणाली, "मीठ कुठाय? दह्याबरोबर मीठ देत नाहीत का या घरात?" सुनेनं तोंडाला पदर लावला आणि आत पळाली, मीठ आणायला की रडायला कोण जाणे. वाटी निपटून झाल्यावर अक्कानं बोट फिरवलं आतून.

मग मी सगळं सांगितलं. लोणी, चेन, उंबरा, चटका, ट्रक. सपाट चमचासुद्धा. त्यावर अक्का माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी आई बघायची.

"मंदे, आपल्या आईला हे कुणी दिलं होतं? हातात?"

"त्या शेजारच्या तेलुगू बाईनं," मी म्हटलं.

"मग? आपण काय तिजोरीत ठेवायला घेतलं होतं? माझं मेलं तेव्हा शेजारच्या एका घरात जरी असतं तर तुला एवढी पायपीट पडली असती का?" आणि सुनेला हाक मारली. "वाट्या काढ. जेवढ्या आहेत तेवढ्या."

त्या दिवशी त्या कॉलनीत अक्का काठी टेकत दारोदार गेली. आजारपणानंतर पहिल्यांदा फाटकाबाहेर. सून वाट्यांचं ताट घेऊन मागं, मी त्याच्या मागं. प्रत्येक घरी ती वाटी स्वतः उचलायची आणि समोरच्या बाईच्या हातात द्यायची. ठेवायची नाही कुठं, हातात द्यायची. दुपारी हिराबाईला फोन लावून दिला. एक अहिराणीत, एक खंडव्याकडच्या निमाडी मिसळलेल्या मराठीत, दोघींना एकमेकींचं अर्धं कळत नव्हतं, पण बोलणं काही संपेना. शेवटी अक्का म्हणाली, "येते की गं दिवाळीला. हिच्या फटफटीवर नाही, रेल्वेनं."

येताना मी तोच रस्ता घेतला. भाभीकडं पोहे खाल्ले, आणि तिनं सांगायच्या आत जिलबी घेतली. आणि नामपूरच्या अलीकडच्या वस्तीवर दुपारीच पोचत होते, तर वाटेत एका झाडाखाली मुद्दाम पथारी टाकली आणि दिवे लागेपर्यंत काढली. हिराबाई तुळशीपाशी होती. मी ओसरीखालूनच म्हटलं, "ताई, तांब्याभर दूध मिळेल का?"

तिनं वळून बघितलं. "दिवा लागी ग्या ना व, शहानी!" आणि दार आणखी उघडलं.

तर आता तू. ते कव्हर काढ आणि ये माझ्याकडं. लांब नाही, द्वारकेच्या मागंच आहे, कुणालाही मंदामावशीचं घर विचार. येताना झाकणाचा छोटा डबा आण, चमचाभर देते, शिगेचा देते, तुझ्या हातात देते. आणि हे बघ, निघायला उशीर झाला म्हणून उद्यावर ढकलू नकोस. दिवे लागल्यावर पोचलीस तर फारच छान. तेव्हा दही काही बाहेर जात नाही माझ्याही घरातून आताशा. मग तुलाच राहावं लागेल. लवकर ये.